श्रेयांक द्या, पण सही गावाची घ्या

वही खरी की खोटी, हे अनुभवी प्राध्यापकाला ती उघडायच्या आधीच कळतं. दोन श्रेयांकांसाठी, म्हणजे क्रेडिट्ससाठी, साठ तास गावात काम केल्याची वही, पण कोपरे दुमडलेले नसतात. आत तीस दिवसांच्या तीस नोंदी, शाई एकच, अक्षराचा कल एकच, आणि काम रोज बरोबर दहाला सुरू होऊन बाराला संपलेलं. भर पावसात गाव फिरलेल्या मुलाच्या पानावर चिखलाचा ठिपका नाही. शेवटी ग्रामपंचायतीचा शिक्का, तोही सगळ्या वर्गाच्या वह्यांवर एकाच कोनात. मागे चार रंगीत फोटो, त्यांत बॅनर एवढा मोठा की गाव दिसत नाही.

या वहीला गुण मिळतात. मुलाला दोष द्यावा तर त्याने मागितलं तेच दिलंय. विद्यापीठाने तास मागितले, त्याने तास भरून दिले.

समाजकार्याला श्रेयांक द्यावेत का, हा वाद महाराष्ट्रात आता शिळा झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्य शासनाने २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये पदवीचा जो आराखडा आणला, त्यात क्षेत्रीय प्रकल्प आला, सगळे ज्याला सीईपी म्हणतात तो समाजसहभागाचा प्रकल्प आला, आणि सहअभ्यासक्रमाच्या खात्यात राष्ट्रीय सेवा योजनेलाही जागा मिळाली. म्हणजे श्रेयांक द्यायला सुरुवात झालीच आहे. ते कशाबद्दल द्यायचे, एवढंच ठरायचं राहिलं. आमचं म्हणणं असं की ते जरूर द्यावेत, आज देतो त्याहून जास्त द्यावेत, पण नुसत्या तासांना देऊ नयेत. मुलाला कामातून काय कळलं आणि ज्याच्यासाठी काम केलं त्याच्या पदरात काय पडलं, या दोन गोष्टींना द्यावेत. यातली पहिली कॉलेजने तपासावी, दुसरीचा निकाल गावाने लावावा.

आधी हिशेब पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तासिकेचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, तर प्रात्यक्षिक, क्षेत्रकार्य आणि समाजकार्य यांचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तिचा नियम वर्षाला १२० तासांचा, दोन वर्षांचे २४०, शिवाय सात दिवसांचं एक विशेष शिबिर. शिबिर सोडून दिलं तरी २४० तासांचे आठ श्रेयांक होतात. इतकी वर्षं त्या बदल्यात काय मिळत होतं? एक प्रमाणपत्र, आणि बऱ्याच विद्यापीठांत दहा सवलतीचे गुण, म्हणजे एखाद्या विषयात घसरलेल्या मुलाला वर ओढायची शिडी. हुशार मुलाला त्या गुणांचा उपयोग नाही, आणि नापासाच्या काठावरच्या मुलाला सेवा योजना म्हणजे पास व्हायची सोय वाटायची. गावाच्या कामाची यापेक्षा मोठी अवहेलना शोधून सापडणार नाही. श्रेयांक निदान पदवीच्या हिशेबात रीतसर उभा राहतो. शैक्षणिक श्रेयांक बँकेत तो कमाल सात वर्षं जमा राहतो, आणि आपल्याकडे याला फार अर्थ आहे. पहिलं वर्ष झालं की घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला मुलगा तीन वर्षांनी परत आला, तर त्याने केलेलं काम खात्यात तसंच पडून असेल.

मग तासांचं काय बिघडलं? तास मोजता येतात म्हणून सगळ्यांना आवडतात. पण ३० तासांत काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, हे एक काम जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. विहिरीचं पाणी मोजण्याचं काम घ्या.

खानदेशातला अमळनेर, पारोळा, शिंदखेडा हा पट्टा पावसाचा कच्चा. खाली काळा पाषाण, त्यात पाणी धरायला जागा थोडी, आणि गावोगावी उघड्या विहिरी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हेच काम सांगू नये. तिथे पाणी खोल कूपनलिकांत गेलंय, आणि मोटर बसवलेल्या बोअरमध्ये टेप सोडली की ती केबलमध्ये अडकते. उघड्या विहिरीला मात्र ३० मीटरची लोखंडी टेप, एक ओळंबा, खडू आणि ऑइलपेंटचा डबा पुरतो. विहिरीच्या कठड्यावर एक जागा ठरवायची, तिथे लाल खूण करायची, आणि दरवेळी माप तिथूनच घ्यायचं. टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासायचा, ओळंबा पाण्यात बुडेल इतकी टेप सोडायची, आणि खुणेजवळ पूर्ण आकडा धरायचा. समजा १२.०० मीटर धरला. टेप वर ओढली की खडू भिजलेला दिसतो. तो ०.६० मीटर भिजला असेल तर पाणी खुणेपासून ११.४० मीटरवर. त्यातून कठड्याची उंची वजा करायची. कठडा ०.७५ असेल तर जमिनीपासून १०.६५ मीटर. हा झाला खरा आकडा.

चुका ठरलेल्या आहेत. पहिल्या खेपेला निम्मी मुलं कठडा वजा करायला विसरतात, आणि गावातल्या सगळ्या विहिरी अर्धा-पाऊण मीटरने खोल गेलेल्या दिसतात. दुसरी चूक मोटरीची. शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्री मोटर चालली असेल तर सकाळचं पाणी हे उपशानंतरचं पाणी असतं, विहिरीची खरी पातळी नव्हे. म्हणून मोटर किती वाजता बंद झाली, हा रकाना मापाइतकाच महत्त्वाचा. तो भरायचा तर शेतकऱ्याशी बोलावं लागतं, आणि तो बोलायला लागला की सातबाऱ्यावर नसलेल्या चार गोष्टी कळतात. शेजारच्याने नवीन बोअर कधी घेतली, नाल्यावरचा बंधारा कुठून पाझरतो, हे सगळं त्या एका रकान्यातून येतं.

आता तास लावा. एका विहिरीला चालणं धरून वीस मिनिटं. वीस विहिरी म्हणजे जेमतेम सात तास. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात एक फेरी, उन्हाळ्याच्या शेवटी मे महिन्यात दुसरी, झाले चौदा. आधीचं शिकणं चार, आकडे भरून गावाचा नकाशा रंगवणं सहा, गावापुढे मांडणं तीन, अहवाल तीन. तीस तास भरले, एक श्रेयांक. पण या तीस तासांतल्या दोन मुख्य भेटींमध्ये सात महिने आहेत, आणि आपलं सत्र पाच महिन्यांचं. ऑक्टोबरची फेरी परीक्षेच्या तोंडावर येते. मेमध्ये कॉलेज बंद असतं, आणि जळगाव-भुसावळकडचं ऊन ४५ अंशांच्या आसपास पोचतं, म्हणून ती फेरी सकाळी सहा ते नऊ अशीच करावी लागते. सत्राच्या चौकटीत हे काम बसत नाही. बसवायचं म्हटलं की मे महिन्याचे आकडे फेब्रुवारीत लिहिले जातात. खोटेपणा इथून सुरू होतो, आणि त्याची मुळं मुलाच्या चारित्र्यात नाहीत, वेळापत्रकात आहेत.

गावाला मात्र हा आकडा ऑक्टोबरातच हवा असतो. रब्बीला गहू घ्यायचा की हरभऱ्यावर भागवायचं, हे पाण्याचा ताळेबंद पाहून ठरवायचं असेल तर आकडा पेरणीआधी ग्रामसभेत यायला हवा. जानेवारीत आलेला सुबक अहवाल म्हणजे वरात गेल्यावर वाजलेला बँड.

म्हणून सगळ्यात आधी बदलायला हवं ते वेळापत्रक. समाजकार्याचा श्रेयांक सत्राला बांधू नये, वर्षाला बांधावा. जूनमध्ये नोंद, पुढच्या जूनमध्ये गुण. परीक्षा विभागाला हे अवघड जाईल, हे मान्य. पण गावाचं पंचांग कॉलेजने बदलण्यापेक्षा परीक्षा विभागाने एक रकाना वाढवणं सोपं आहे.

पंचांगाचा हाच घोळ सातपुड्यात जास्त ठळक दिसतो. विशेष शिबिरं बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, हवा चांगली असते म्हणून. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या पाड्यांवरून नेमके त्याच काळात हातीपायी धड असलेले सगळे ऊसतोडीला गेलेले असतात. दिवाळी झाली की निघायचं, होळीला परत. शिबिर लागतं तेव्हा पाड्यात म्हातारे आणि त्यांच्यावर टाकलेली पोरं. व्यसनमुक्तीचं पथनाट्य होतं, बघायला आजीबाई. तेच शिबिर होळीनंतर किंवा खरिपाच्या आधी लावलं, तर घरात माणूस असेल.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे, कारण तिच्यात आपली सगळ्यांची आवडती कल्पना अडकलीय. श्रमदान. शंभर मुलं कुदळ-फावडं घेऊन डोंगरउतारावर समतल चर खणताहेत, हा फोटो छान येतो. पण ज्या तालुक्यातून लोक हाताला काम नाही म्हणून राज्याबाहेर जातात, तिथे मजुरीचं काम कॉलेजच्या मुलांनी फुकट करायचं, हा कुठला हिशेब? तो चर रोजगार हमीत धरला असता तर गावातल्याच बायामाणसांच्या हातात मजुरी पडली असती. शिवाय काम कच्चं होतं, ते वेगळंच. चराची लांबी समपातळीत हवी, नाहीतर पाणी एका टोकाला धावतं, तिथली माती फोडतं आणि चराचाच ओहोळ होतो. ही पातळी धरण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या लागतात. मुलांनी खणण्याऐवजी ती आखणी करावी. फोड आलेल्या हातांनी दिवसभरात जेवढं खणून होतं, त्यापेक्षा एका सकाळी आखून दिलेली समपातळीची रेघ गावाला कितीतरी जास्त उपयोगाची. आणि गावातल्या मजुरांनी कामाची मागणी लेखी करावी, तिची तारखेची पोच घ्यावी, यासाठी अर्ज भरून देणं हेही कामच. त्यात घाम येत नाही, म्हणून फोटो येत नाही.

नियम एका ओळीत सांगता येईल: ज्या कामाची गावात कुणाला मजुरी मिळू शकते, त्या कामाला श्रेयांक नाही. त्याच ओळीला जोडून आणखी काही. संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला खुर्च्या मांडणं, पुढाऱ्याच्या सभेत पाणी वाटणं, खासगी क्लासची पत्रकं वाटणं यांना शून्य. हे लिहावं लागतं यातच सगळं आलं.

झाडांबद्दल थोडक्यात. खड्डा तोच, रोप नवं, हे दर जुलैला चालतं. लावलेल्या झाडाला श्रेयांक देऊ नये. पुढच्या मेअखेर जगलेल्या झाडाला द्यावा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने स्वतःचे नियम घालून सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं आणि त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे शिबिर नेऊन वृक्षारोपणाचा कार्यक्रम करणं म्हणजे केळीच्या बागेत घड घेऊन जाणं. अशा गावात मुलांनी शिकायला जावं. नियम कसे ठरले, दंड कोण वसूल करतं, भांडण झालं की कोण मिटवतं, हे टिपून आणावं आणि त्याचेही श्रेयांक घ्यावेत. पांझरेच्या खोऱ्यातल्या फड पद्धतीचंही तसंच आहे. शेकडो वर्षं लोक बंधाऱ्याचं पाणी पाळीने वाटून घेत आले. कुठला बंधारा आज चालू आहे, कुठला पाट बुजला, याची पाहणी भूगोलाच्या वर्गाने केली, तर पाटबंधारे विभागालाही ती वाचावीशी वाटेल.

आता कुपोषण. नंदुरबारचा विषय निघाला की प्रत्येक कॉलेजला सर्वेक्षण करायचं असतं. मुलं दंडाची पट्टी घेऊन पाड्यावर जातात. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या मध्ये मध्यम. सोपं वाटतं, पण पट्टी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर हवी, कपड्यावरून नको, आणि इतकी घट्ट नको की कातडीला वळी पडेल. घट्ट ओढली की दोन-तीन मिलिमीटर सहज कमी येतात, आणि काठावरचं मूल यादीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतं. रडणाऱ्या पोराचा हात धरून मध्य शोधणं हे अंगणवाडी ताईचं रोजचं काम. नवशिक्या पोराने अर्ध्या तासाच्या प्रशिक्षणावर ते करावं आणि ताईच्या नोंदवहीपेक्षा वेगळा आकडा गावात पसरवावा, याने भलं होत नाही. ताई अडचणीत येते, आई घाबरते, पोरगं आहे तिथेच राहतं.

गरज पुढच्या पायरीवर आहे. तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं, तर आईला साधारण चौदा दिवस तिथे राहावं लागतं. तिची मजुरी बुडते, घरी दुसरं मूल असतं, आणि वॉर्डात बोलणारे मराठीत बोलतात. ती बोलते पावरी किंवा भिली. डॉक्टरांनी सांगितलेलं अर्धं तिला कळत नाही, तिने सांगितलेलं अर्धं त्यांना. चौथ्या दिवशी ती पोराला पाठीशी बांधून पाड्याची वाट धरते. तिथे तिच्या बोलीत बोलणारी, कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी रोज दोन तास बसली, तर काय फरक पडेल ते सांगायला अहवाल नको.

आणि अशी मुलगी कॉलेजात असते. ती हे काम आधीपासूनच करत असते, फुकट आणि नोंदीशिवाय. पाड्यावरच्या कुणाला दवाखान्यात, तहसीलला, बँकेत जायचं झालं की तिलाच सोबत नेतात. आपल्या व्यवस्थेत तिला समाजकार्याचे श्रेयांक मिळवायला तीस किलोमीटरवरच्या दत्तक गावात जाऊन 'स्वच्छतेचे महत्त्व' या विषयावर भिंत रंगवावी लागते. २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा अनुभवातून झालेल्या शिक्षणालाही जागा देतो. तर पहिला मान या दुभाष्या मुलींना आणि मुलांना द्यावा. तिने वैद्यकीय शब्दांची पावरी-मराठी यादी करावी, शंभर शब्दांची का होईना. 'हगवण', 'सुज', 'धाप', 'अंगावरचं दूध', 'दिवसातून तीनदा' यांना नेमकं काय म्हणायचं, आणि कुठला शब्द वापरला की बाई लाजून गप्प होते, हे लिहावं. भाषाशास्त्राच्या कुठल्याही विभागाने दोन श्रेयांक आनंदाने द्यावेत असं हे काम. नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही ठिकाणी आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या एमबीबीएसच्या मुलांना अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. त्यांच्याबरोबर कला शाखेची एक पावरी मुलगी जोडून दिली, तर दोघांचाही श्रेयांक खरा होईल.

सहीकडे वळू. जळगावच्या आपल्या विद्यापीठाला जिचं नाव आहे, त्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या शेतावर कॉलेजची मुलं गेली असती, तर कामानंतर त्यांच्यापुढे एक ते पाच आकड्यांचा इंग्रजी तक्ता ठेवून खूण करायला सांगितलं असतं? आज तेच करतो. तक्ता गावात जातच नाही, सरपंचांच्या किंवा ग्रामसेवकाच्या टेबलावर जातो आणि शिक्का घेऊन परत येतो.

करायचं असं. जूनमध्ये काम सुरू व्हायच्या आधी एका पानाचा करार: काय काम, किती मुलं, कुठल्या तारखा, मुलं गेल्यावर ते कोण पुढे चालवणार. चौथा मुद्दा भरता आला नाही तर ते काम घेऊच नये. मुलं एका गावाला पाच-सहाच. शंभरांचं युनिट एका गावात उतरलं की गावाचा वेळ त्यांच्या जेवणाखाणात जातो. काम संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत दुसऱ्या कॉलेजच्या प्राध्यापकाने गावातल्या तिघांशी बोलावं. जिच्याबरोबर काम केलं ती अंगणवाडी सेविका, शिक्षक किंवा बचत गटाची अध्यक्ष, जिच्यासाठी केलं ती बाई किंवा शेतकरी, आणि तिसरा ग्रामपंचायतीचा. बोलणं अहिराणीत, पावरीत, लेवा बोलीत, जिथे जी असेल तिच्यात. दोन श्रेयांकांचे ५० गुण धरले तर त्यांतले २० या बोलण्याचे, १५ नोंदी आणि प्रत्यक्ष कामाचे, १५ तोंडी परीक्षेचे.

यात खोट येईल ती कुठे, तेही सांगून ठेवू. आपली गावं भिडस्त आहेत. दारात आलेल्या पोरांना नापास कसं करायचं, म्हणून 'चांगलं काम केलं हो पोरांनी' हे ठरलेलं उत्तर येणार, आणि वीसपैकी वीस गुण सगळ्यांना. त्यामुळे 'कसं वाटलं' हे विचारायचंच नाही. काय राहिलं, ते आता कोण करतंय, असं विचारायचं. तोंडी परीक्षेतही तसंच: तुझं कुठलं माप चुकलं आणि ते चुकलंय हे तुला कशावरून कळलं? एका रात्रीत वही भरणाऱ्याला सगळं सांगता येईल, एवढं सोडून. त्याच्या वहीत काहीच चुकलेलं नसतं.

शिक्षकाचा प्रश्न यात दडून जाऊ नये. अनेक कॉलेजांत हे विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे ढकलले जातात. त्यांना मोबदला मिळतो वर्गातल्या तासाचा. शिंदखेड्याच्या विहिरींवर सकाळी सहाला उभं राहिल्याचा कुठे हिशेब नाही. पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि क्षेत्रभेटीचे तास कार्यभारात, एवढं झाल्याशिवाय बाकी सगळं कागदावर राहील. मुलांच्या भाड्याचंही तसंच. एसटीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज या मार्गाचा असतो, कामाच्या गावाला तो चालत नाही. मुलींना अर्ध्या तिकिटाची सोय आहे, मुलांना पूर्ण पडतं. शक्य तितकी कामं मुलांच्या स्वतःच्या गावात द्यावीत. भाडं वाचतं आणि खोटं बोलणं अवघड होतं, कारण तिथे आई-बापच साक्षीला असतात.

राहता राहिला जुना आक्षेप: गुण घेऊन केली ती सेवा कसली? १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा राबलेल्या स्वयंसेवकांना कुणी श्रेयांक दिले नव्हते, हे खरं आहे. पण आज डिसेंबर-जानेवारीत नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारींवर तिची देठं खुडणाऱ्यांत कॉलेजची मुलंमुलीही असतात. रविवारची मजुरी सोडून गावासाठी फुकट राबणं त्यांना परवडत नाही. श्रेयांक नसेल तर सेवा ही ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांची हौस होऊन बसते. मेक्सिकोत पदवीआधी किमान ४८० तास समाजसेवा कायद्यानेच करावी लागते. तिथे कुणी तिला विकलेली सेवा म्हणत नाही. आपल्याकडे मिरची खुडणाऱ्या मुलीला साठ तासांचं काम सुट्टीत, तिच्याच वस्तीत करता आलं पाहिजे, आणि त्याचं मोल गुणपत्रिकेवर दिसलं पाहिजे. सेवेचं पावित्र्य जपायची जबाबदारी तिच्या एकटीच्या रोजंदारीवर टाकू नये.

तिघांशी बोलताना शेवटचा प्रश्न एकच ठेवावा, अहिराणीत: "ह्या पोरेसले परत बलावशात का?" तिघांपैकी दोघांनी नाही म्हटलं, तर त्या गटाचा श्रेयांक त्या वर्षी अडवून ठेवावा. नापासाचा शेरा नको. त्याच गावात आणखी एक हंगाम द्यावा, आणि पहिल्या दिवशी त्याच तिघांच्या दारात जाऊन काय चुकलं ते विचारायला लावावं.